परसातल्या कोंबड्या, मोखाडा: प्रकल्प नोंदी, मे २०२३ ते मार्च २०२४

९ मे २०२३

मोखाडा तालुका, एकाच ग्रामपंचायतीतले तीन पाडे. वरचा वारल्यांचा, मधला वारली आणि ठाकूर मिळून, खालच्यावर बहुतेक घरं कातकऱ्यांची. वहीत पाड्यांची नावं लिहायची नाहीत असं ठरलंय, म्हणून वरचा, मधला, खालचा.

सर्वेक्षणाचा छापील फॉर्म लांबलचक आहे. तो भरत बसलं तर बायका उठून कामाला जातील, म्हणून चिंचोके घेतले. गेल्या पावसाळ्यापासून घरात जितकी पिल्लं निघाली तितके चिंचोके मांडायचे, मग ते उचलून वेगवेगळ्या ढिगांत टाकायचे: घारीने नेली, मुंगसाने नेली, गारठून मेली, मरीत गेली, विकली, खाल्ली, देवाला दिली, अजून अंगणात आहेत. तिन्ही पाड्यांवर मरीचा ढीग सगळ्यांत मोठा. त्याखालोखाल घार-मुंगसाचा, तोही बहुतेक पहिल्या महिन्यातला. विकलेल्यांचा ढीग पाहून एक आजी म्हणाली, "एवढ्यासाठी वर्षभर हुसकत बसायचं?"

मरी म्हणजे मुख्यतः मानमोडी, कागदावरचं नाव रानीखेत. लक्षणं बायकांनीच सांगितली: हिरवी पातळ हगवण, चोच उघडून श्वास, पंख लोंबलेले, मग मान पिळवटते आणि कोंबडी गोल फिरायला लागते. पुस्तकातही याहून फार काही नाही. यावर लस असते, ती शासनाच्या औंधच्या संस्थेत, पुण्यातच बनते आणि एका कोंबडीमागे खर्च अगदी किरकोळ येतो, हे मात्र कोणी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

१७ मे

तालुक्याच्या ठिकाणी बैठक. प्रस्ताव असा की जिल्हा परिषदेच्या योजनेसारखे २५ तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) आणि ३ नर असे गट घरोघर द्यावेत, म्हणजे काम 'दिसेल'. मी विरोध केला. कारणं इथे नोंदवून ठेवते, पुन्हा लागतील.

वनराजा, गिरीराज या जाती वाईट नाहीत. वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची, गिरीराज बंगळूरची. रंगीत असतात, वजन भरतं, वर्षाला शंभराच्या वर अंडी देतात. गावठी कोंबडी देते चाळीस ते साठ. कागदावर हिशोब एकतर्फी वाटतो. पण या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. अंड्यांवर बसणारी आई नसली की पुढची पिढी विकतच आणायची, आणि उबवणी केंद्र पाड्यापासून कुठल्या कुठे. शिवाय जड अंगाची कोंबडी घारीपुढे पळत नाही, झाडावर चढत नाही आणि नुसत्या उकिरड्यावर तिचं भागत नाही, दाणा टाकावाच लागतो. भाताची कणी माणसांनाच पुरत नाही तिथे दाणा कुठून आणायचा?

आणि मानमोडी दोघींनाही सारखीच मारते. पिल्लांच्या ढिगात मरीचा ढीग तसाच ठेवून वरून आणखी पिल्लं ओतायची, याला मी कार्यक्रम म्हणणार नाही.

एकाने कडकनाथ सुचवला. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, मटणाला भाव आहे, सगळं खरं. पण २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांना कडकनाथच्या नावाने कसं बुडवलं गेलं ते सगळ्यांना आठवत होतं. विषय तिथेच संपला.

ठरलं ते असं: पहिलं वर्ष पक्षी वाटायचे नाहीत. लस, पिल्लांचा पहिला महिना, आणि प्रत्येक पाड्यावर हे काम जमणारी एक बाई.

२ जून

मानमोडीवरच्या लासोटा लसीची पहिली फेरी, वरचा पाडा.

लस द्यायला सोपी, आणायला अवघड. बाटलीत कोरडी पावडर असते, सोबतच्या द्रावणात विरघळवायची, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा. मिसळली की घड्याळ सुरू. तासा-दीड तासात संपवायची, उरली तर टाकायची. तोवर २ ते ८ अंश तापमानात. दवाखान्यातल्या फ्रिजमधून निघाल्यापासून पाड्यापर्यंत जीप, मग पायवाट, वर जूनचं ऊन.

बर्फ मिळाला तो बाजारात येणाऱ्या मासळीवाल्याकडे. बोंबील-बांगड्याच्या पेटीतला बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून थर्मासमध्ये. बाटलीला मासळीचा वास लागला, लसीला काही झालं नाही. पुढच्या फेऱ्यांसाठी त्याच्याशी बोलून ठेवलंय.

खुराडी उघडायच्या आधी पोचलो तरच उपयोग. एकदा कोंबड्या सुटल्या की करवंदीच्या जाळीतून हुडकून कोण काढणार? आदल्या रात्री पाड्यावरच मुक्काम केला आणि पहाटे बॅटरीच्या उजेडात घरोघर गेलो. डालग्याखालून एकेक कोंबडी काढायची, एकीने धरायची, दुसरीने थेंब टाकायचा. थेंब डोळ्यात पसरेपर्यंत, कोंबडी पापणी मिटेपर्यंत, सोडायची नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, कारण सगळ्यांना घाई.

१९५७ नंतर कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली होती. त्या कुरणशाळांचं नाव आमच्याकडच्या प्रत्येक प्रशिक्षणात घेतलं जातं आणि प्रशिक्षण मात्र सकाळी अकराला समाजमंदिरात असतं. आमचा वर्ग पहाटे पाचला, खुराड्याच्या तोंडाशी.

२८ जून

पाऊस लांबला होता, २५ तारखेपासून धो धो. आता आवणी, म्हणजे भाताची लावणी. महिनाभर कोणी भेटणार नाही. मधल्या पाड्याची फेरी त्याआधी झाली, खालच्याची राहिली.

२१ जुलै

खालच्या पाड्यावर पिल्लांना रक्ती हगवण. तीन घरांत एकापाठोपाठ. ही मरी नव्हे. हा ओलीचा आजार: खुराड्यात विष्ठा साचते, पाणी झिरपतं, पिल्लं त्यातच टोचत बसतात. औषध आहे, दवाखान्यातून आणलं, पाण्यातून पाच दिवस दिलं. पण ओल तशीच राहिली तर औषध किती वेळा देणार?

इथली खुराडी जमिनीलगत, कुडाला टेकून, वर फुटकं कौल किंवा प्लॅस्टिक. वरच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याने खुराडं चार खांबांवर उचललंय, गुडघ्याच्या वर. बाजू कारवीच्या, तळ बांबूच्या कामट्यांचा आणि फटी बोटभर, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि मुंगूस आत शिरत नाही. खर्च जवळपास नाही, कारवी रानातली. मी त्याला खालच्या पाड्यावर यायची विनंती केली. तो आला, बोलला काहीच नाही, बसून एक खुराडं बांधून दिलं आणि चहा पिऊन गेला. माझ्या फ्लिपचार्टपेक्षा भारी वर्ग.

जमिनीवरची खुराडी ज्यांना बदलायची नाहीत त्यांनी भाताचं तूस आणि चुलीची राख पसरावी, दर दोन-तीन दिवसांनी उपसावी. राखेचा दुसरा उपयोग त्यांना माहीत होता: अंगणात खड्ड्यात राख टाकली की कोंबड्या लोळतात, उवा कमी होतात.

२५ ऑगस्ट

ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. भातखाचरांची काळजी सगळ्यांना आहे, कोंबड्यांवर बोलायची कोणाची इच्छा नाही. मीही आग्रह धरला नाही.

पण उघडीप पडल्याने वाळवी भरपूर. जुनं मडकं घ्यायचं, त्यात शेण, ओला पेंढा, फाटकं गोणपाट कोंबायचं, वारुळाजवळ पालथं घालायचं. दुसऱ्या दिवशी मडकं वाळवीने भरतं, पिल्लांपुढे झटकायचं. ही रीत मधल्या पाड्यावरच्या दोन घरांत चालत होती, बाकीच्यांना माहीत नव्हती. पहिल्या तीन आठवड्यांत पिल्लाला जे प्रथिन लागतं ते यातून फुकट मिळतं. त्या दोन घरांतल्या बायकांना 'शिकवणाऱ्या' म्हणून बोलावलं. त्या आधी लाजल्या, मग थांबेनात.

दुसरी गोष्ट डालग्याची. डालगं विटांवर जरा उचलून ठेवायचं, आत कणी आणि नागलीचा भरडा. खालच्या फटीतून पिल्लं आत जातात, मोठ्या कोंबड्यांना जाता येत नाही. नाहीतर कणी टाकली की कोंबडा सगळं खातो आणि पिल्लं कडेला बघत राहतात.

२९ सप्टेंबर

लसीकरण शिकणाऱ्या तिघी ठरल्या, पाड्यागणिक एक. दोघी 'उमेद'च्या, म्हणजे ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटातल्या, पशुसखी म्हणून शेळ्यांचं काम करतात. तिसरी खालच्या पाड्यावरची, लिहिता-वाचता येत नाही. निवडसमितीत कुजबुज झाली की हिला नोंदी कशा जमणार. मी म्हटलं, तिच्या हातात कोंबडी कशी शांत राहते ते बघा.

सराव हळदीच्या पाण्यावर. थेंब डोळ्यात पडला की बाहेर, ते रंगावरून लगेच कळतं. तिसरीचा हात सगळ्यांत स्थिर.

तिने नोंदी ठेवायची आपली पद्धत काढली. घराच्या कुडावर तांदळाच्या पिठाने घरागणिक एक ओळ, मोठ्या कोंबडीला उभी रेघ, पिल्लाला ठिपका, लस दिली की त्याला गेरूचा टिपका. माझ्या वहीतल्या तक्त्याशी ताडून पाहिलं, आकडे जुळले.

मोबदल्यावर बराच वाद. फुकट द्यायचं की पैसे घ्यायचे? मी पैसे घेण्याच्या बाजूची. फुकट लस संस्थेबरोबर येते आणि संस्थेबरोबरच जाते. शेवटी कोंबडीमागे दोन रुपये, नाहीतर खेपेला घरटी एक अंडं. अंड्याचा पर्याय बायकांनीच घातला, कारण रोकड पुरुषांच्या खिशात आणि अंडी यांच्या मडक्यात.

७ ऑक्टोबर

मोठ्या कोंबड्यांना आर-टू-बी, मानमोडीवरचीच दुसरी लस. ही सुई, पंखाखालच्या कातडीत अर्धा मिली, वय आठ आठवड्यांच्या पुढे. लासोटापेक्षा हिचं संरक्षण जास्त काळ टिकतं, पण ही लस जरा तिखट. लहान पक्ष्याला दिली तर लस स्वतःच लुळा करू शकते. म्हणून आठवडाभर आधी जंताचं औषध, मगच सुई, आणि मलूल दिसेल तिला सुई नाही.

मधल्या पाड्यावर एका घरी सुईनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चार कोंबड्या गेल्या. घरच्यांचं म्हणणं, सुईनेच मारल्या. विचारपूस केल्यावर कळलं, फेरीच्या आदल्या आठवड्यात बाजारातून आणलेला कोंबडा त्याच खुराड्यात सोडला होता आणि तो आधी मेला. आजार अंगात शिरलेला असताना लस काही करू शकत नाही. हे मी समजावलं, त्यांनी ऐकून घेतलं, पटलं असं वाटलं नाही. मलाही त्यांच्या जागी पटलं नसतं: सुई दिसली, विषाणू दिसला नाही.

यातून पुढच्या बैठकीला विषय मिळाला. बाजारातून आणलेली, पाहुण्याने दिलेली, विकायला नेऊन न विकता परत आणलेली, अशी कोणतीही कोंबडी निदान पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली. फटफटीवर टोपल्या बांधून येणारा कोंबडीवाला अंगणात नको, त्याच्याकडे रस्त्यावर जावं. त्याच्या टोपलीत चार गावांचे आजार असतात.

९ नोव्हेंबर

आज वाघबारस. शेंदूर फासलेल्या वाघोबापाशी नारळ आणि कोंबडे. भगताला रंग नेमका लागतो, कुठे काळा, कुठे तांबडा, आणि तो गावठीतच मिळतो. बाहेरून आलेला एकसारख्या रंगाचा गट इथे देवालाही चालत नाही. योजना आखणाऱ्यांच्या यादीत हे कुठेच नसतं.

याचा एक तोटाही आहे आणि तो आज डोळ्यांनी पाहिला. सगळ्यांत तगडे कोंबडे देवाकडे किंवा बाजारात जातात, मागे राहतो तो रोडका आणि पुढची पिल्लं त्याची. वरच्या पाड्यावर हळूच विषय काढला: वर्षाला एक चांगला कोंबडा पाड्याच्या नावाने राखून ठेवायचा का? एका भगतानेच उलट विचारलं, की देवाला बोललेला कोंबडा देवाच्या नावाने वर्षभर जिवंत ठेवला तर? हा तोडगा मला सुचला नसता. त्यावर त्यांच्यातच चर्चा चालू आहे, मी त्यात पडणार नाही.

२४ नोव्हेंबर

दिवाळी झाली, घरं रिकामी व्हायला लागली. भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. होळीपर्यंत पाड्यावर म्हातारी माणसं आणि काही मुलं.

कोंबड्या कोणाकडे? अर्धेलीने. भाऊबंदाकडे किंवा शेजारच्या आजीकडे सोपवायच्या, परत येईपर्यंत जी पिल्लं वाढतील ती निम्मी निम्मी. मेल्या तर कोणी कोणाला विचारत नाही. हा व्यवहार आमच्या आराखड्यात नव्हता आणि पाड्यावरचा अर्धा कळप वर्षातला तिसरा हिस्सा त्याच व्यवहारात असतो. एका आजीच्या अंगणात आज पाच घरच्या कोंबड्या आहेत.

यात धोका उघड आहे, एक आजारी आली की सगळ्या. पण लसीच्या दृष्टीने सोय आहे. उन्हाळ्यात शंभर मात्रांची बाटली संपवायला सगळा पाडा फिरावा लागला होता, आता पाच अंगणांत बाटली संपते. तेव्हा दिवाळीनंतरची फेरी ही मुख्य फेरी धरायची. आणि शिकवायचं या आज्यांना, भट्टीवर गेलेल्या सुनांना नव्हे.

१८ जानेवारी २०२४

निरोप आला, शेजारच्या (आपल्या कामात नसलेल्या) पाड्यावर कोंबड्या पटापट मरताहेत. दोन दिवसांत बरीच खुराडी रिकामी.

अशा वेळी बर्ड फ्लूची शंका आधी घ्यायची. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला, २०२१ मध्ये तिथेच पुन्हा. २०२२ च्या फेब्रुवारीत तर आपल्या शेजारी, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला. तेव्हाच्या अफवांनी गावठी कोंबडीसुद्धा बाजारात कोणी घेईना. म्हणून लोक मरतूक लपवतात. कळवलं की उरलेल्याही मारतील, ही भीती.

दवाखान्यात कळवलं. मेलेले पक्षी दुहेरी पिशवीत, बर्फात, नमुने पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे. तोवर त्या पाड्यावरून ये-जा बंद ठेवा असं सांगितलं.

तिथे गेले तेव्हा एक बाई मरायला टेकलेली कोंबडी कापत होती. 'खाऊ नका' म्हणणं मला जमत नाही, तिच्या घरात महिन्याभरात मटण शिजलं नसेल. पण कारण न कळता पटापट मरणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे, तिथे कापताना रक्त-पिसांचाच धोका माणसाला. एवढं स्पष्ट सांगितलं. पिसं आणि आतडी ओहोळात टाकायची सवय तर सगळीकडे आहे, आणि ओहोळ खालच्या पाड्याला जातो. खड्डा, चुना, वर माती आणि दगड, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

२९ जानेवारी

अहवाल: बर्ड फ्लू नाही, मानमोडी. आपल्या तीन पाड्यांपैकी खालच्या पाड्यावर, ओहोळाकाठच्या दोन घरांत मरतूक झाली. त्या दोन्ही घरांनी नोव्हेंबरच्या फेरीत दार उघडलं नव्हतं. शेजारच्या अंगणातल्या, गेरूचा टिपका असलेल्या कोंबड्या आजही उकिरड्यावर. मधल्या पाड्यावरच्या 'सुईने मारल्या' म्हणणाऱ्या घरातून काल निरोप आला, पुढची बाटली कधी फुटणार?

एवढ्यावरून लसीची परिणामकारकता सिद्ध होते असं अहवालात लिहिणार नाही. पण पाड्यावर कोणाला अहवाल लागत नाही.

१६ फेब्रुवारी

अंडी. खुडूक कोंबडी बसवताना पंधरा-वीस अंडी खाली घालतात, त्यातली कितीतरी महिन्याची जुनी. उन्हाळ्यात आठवड्यापेक्षा जुनं अंडं बसवू नये, तोवर रांजणाखालच्या ओल्या वाळूवर, थंड जागी ठेवावं. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात बॅटरीवर धरून पाहायचं: लाल जाळं दिसलं तर जीव आहे, स्वच्छ दिसलं तर काढून घ्यायचं. बसवलेली अंडी बॅटरीवर पाहायला पोरांची झुंबड उडाली. शाळेतल्या गुरुजींना म्हटलं, विज्ञानाचा तास इथेच घ्या. त्यांनी घेतला.

वीज कडाडली की अंडी नासतात म्हणून टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवतात. ठेवू दे. त्याने काही बिघडत नाही, आणि आम्ही प्रत्येक गोष्टीत नाक खुपसलं तर कामाच्या चार गोष्टी कोण ऐकेल?

१९ मार्च

पुढच्या रविवारी होळी. भट्टीवरची माणसं परतायला लागलीत, अर्धेलीचे हिशोब अंगणाअंगणात चालू. यंदा वाटणीला पिल्लं बऱ्यापैकी आहेत, त्यामुळे भांडणंही आहेत: लसीचे दोन रुपये कोणी सोसायचे, मालकाने की राखणदाराने? वरच्या पाड्यावर ठरलं निम्मे निम्मे. मधल्यावर राखणदाराने द्यायचे. खालच्यावर अजून ठरलेलं नाही, तिथली लसवाली म्हणते आधी माझी थकलेली अंडी द्या.

तालुक्याहून पुन्हा विचारणा आली, पुढच्या वर्षी तलंगांचे गट घ्यायचे का. उत्तर पाठवलं: गट नकोत, त्याऐवजी दवाखान्याच्या फ्रिजसाठी इन्व्हर्टर द्या आणि तीन चांगले थर्मास. तिघींना लसीची मागणी स्वतः नोंदवता यावी म्हणून दवाखान्यात ओळख करून दिली.

एप्रिलची फेरी उन्हं तापायच्या आत. लासोटा तीन बाटल्या, आर-टू-बी एक. बर्फ: मासळीवाल्याला सांगितलंय. शेजारच्या पाड्यावरून दोघी शिकायला येणार आहेत, त्यांची झोपायची सोय वरच्या पाड्यावर.